‘अपरिहार्य कारणास्तव’ : एका इंग्रजी शब्दाचे पर्याय आणि त्यांचा हिशेब

बाजारपेठेतील दुकानाच्या बंद दारावर एक पाटी नेहमी दिसते : ‘अपरिहार्य कारणास्तव दुकान दोन दिवस बंद राहील.’ कारण कोणते, हे पाटी सांगत नाही. कधी घरात दुःखद घटना घडलेली असते, कधी जवळच्या नात्यातील लग्न असते, कधी गोदामातील मालाची मोजदाद चाललेली असते आणि कधी सगळे कुटुंब सहलीला गेलेले असते. चारही कारणांना पाटी एकच विशेषण लावते. वास्तविक मृत्यू टाळता येत नाही, लग्नाला जाणे टाळणे योग्य नसते, मोजदाद पुढे ढकलता येते आणि सहल तर सर्वस्वी इच्छेची बाब असते. दारावरच्या पाटीत एवढा काटेकोरपणा कोणी मागत नाही. परंतु हाच शब्द करारपत्रात, बँकेला लिहिलेल्या पत्रात किंवा घरातील वाटणीच्या चर्चेत येतो, तेव्हा त्याचा अर्थ मोजूनमापून घ्यावा लागतो.

या शब्दामागे इंग्रजीतील ‘इनएव्हिटेबली’ हे क्रियाविशेषण उभे आहे. व्यापारी पत्रव्यवहार आता बहुतांशी इंग्रजीत होतो. मोबाईलवर हा शब्द टाकला की आठ-दहा पर्याय समोर येतात : ‘अनअव्हॉइडेबली’, ‘नेसेसरिली’, ‘इनएस्केपेबली’, ‘इनेक्झोरेबली’, ‘परफोर्स’, ‘सर्टनली’. पत्र लिहिणारा तरुण त्यांपैकी कानाला बरा वाटेल तो उचलतो. सगळ्यांचा अर्थ एकच आहे, असा त्याचा समज असतो. तो समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पर्यायशब्दांची जैन परंपरा

पर्यायशब्दांचा संग्रह म्हटला की इंग्रजी वाचकांना पीटर मार्क रॉजे यांचा ‘थिसॉरस’ आठवतो. रॉजे हे पेशाने वैद्य. त्यांचा ग्रंथ १८५२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यांनी शब्द वर्णानुक्रमे न मांडता अर्थानुसार मांडले आणि परस्परविरोधी कल्पना शेजारीशेजारी ठेवल्या. त्यांच्या रचनेत ‘इच्छा’ या कल्पनेच्या लगत ‘अनिवार्यता’ ही कल्पना येते. ही शेजारधर्माची मांडणी फार बोलकी आहे. माणसाची इच्छा जेथे संपते, तेथून अटळपणाची हद्द सुरू होते.

मात्र हे काम भारतात फार पूर्वीपासून चालत आलेले आहे आणि त्यात जैन विद्वानांचा वाटा मोठा आहे. महाकवी धनंजयांची ‘नाममाला’ हा संस्कृत पर्यायशब्दांचा कोश पिढ्यान्पिढ्या पाठशाळांतून मुखोद्गत केला गेला. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘अभिधानचिंतामणि’ हा पर्यायशब्दांचा आणि ‘अनेकार्थसंग्रह’ हा एकाच शब्दाच्या अनेक अर्थांचा कोश रचला. एका वस्तूची अनेक नावे आणि एका नावाचे अनेक अर्थ, अशा दोन्ही बाजूंनी त्यांनी भाषेचा जमाखर्च मांडून ठेवला.

जैन न्यायशास्त्र याच्याही एक पाऊल पुढे जाते. सात नयांपैकी सहावा नय ‘समभिरूढ’ हा आहे. शब्दनय समानार्थी शब्दांना एकाच अर्थाचे मानतो. समभिरूढ नय म्हणतो की, शब्द बदलला की अर्थही बदललाच पाहिजे. याचे पाठशाळेतील नेहमीचे उदाहरण म्हणजे इंद्र, शक्र आणि पुरंदर. व्यवहारात तिन्ही नावे एकाच देवराजाची. परंतु ऐश्वर्य भोगतो म्हणून तो इंद्र, सामर्थ्य आहे म्हणून शक्र आणि नगरांचा विध्वंस करतो म्हणून पुरंदर. व्यक्ती एक असली तरी प्रत्येक नाव तिची वेगळी बाजू दाखवते. हाच नय ‘इनएव्हिटेबली’च्या कुटुंबाला लावून पाहिला, तर एकसारखी दिसणारी भावंडे निरनिराळ्या स्वभावाची आहेत, हे ध्यानात येते.

इंग्रजी कुटुंबातील भावंडे

‘इनएव्हिटेबली’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या पोटातील धातूचा अर्थ बाजूला होणे, चुकवणे असा आहे. अंगावर येणाऱ्या वस्तूला हूल देऊन बाजूला होता येत नाही, ते ‘इनएव्हिटेबल’. येथे माणसाच्या बळाचा किंवा दोषाचा प्रश्नच नाही. घटना सरळ येत आहे आणि तिला बगल देण्याजोगी जागा नाही, एवढेच हा शब्द सांगतो.

‘अनअव्हॉइडेबली’ वरवर पाहता हाच अर्थ सांगतो. परंतु ‘अव्हॉइड’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘रिकामे करणे’ असा होता. म्हणूनच कायद्याच्या भाषेत करार ‘अव्हॉइड’ करणे म्हणजे तो रद्दबातल ठरवणे होय. ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ हे करार कायद्यातील सुपरिचित शब्द त्याच घराण्यातले. व्यवहारात ‘अनअव्हॉइडेबली’ हा शब्द प्रामुख्याने खुलाशासाठी येतो : प्रयत्न केला, पण विलंब टाळता आला नाही. यात प्रयत्न गृहीत धरलेला आहे.

‘इनएस्केपेबली’ या शब्दातील ‘एस्केप’ची कथा मनोरंजक आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील अंगरखावाचक शब्द आहे. पाठलाग करणाऱ्याच्या हातात नुसता अंगरखा ठेवून निसटून जाणे, असे ते चित्र. ज्यातून अंगरखा टाकूनही सुटता येत नाही, ते ‘इनएस्केपेबल’. अप्रिय सत्य, जबाबदारी, निष्कर्ष अशा गोष्टींना हा शब्द शोभतो.

‘इनिलक्टेबली’ हा शब्द ग्रंथांतून अधिक आढळतो. त्यात कुस्ती आहे. झोंबून, धडपड करूनही ज्याच्या पकडीतून मोकळे होता येत नाही, ते ‘इनिलक्टेबल’. ‘इनेक्झोरेबली’मध्ये विनवणी आहे. प्रार्थनेने, रडण्याने, हातापाया पडण्याने ज्याला पाझर फुटत नाही, ते ‘इनेक्झोरेबल’. काळ हा असा आहे. कठोर सावकारालाही इंग्रजी लेखक हेच विशेषण लावतात.

‘नेसेसरिली’ची जात वेगळी. त्यात घटनेच्या आगमनापेक्षा तर्काचे बंधन अधिक आहे. त्रिकोणाला तीन बाजू ‘नेसेसरिली’ असतात, कारण एरवी तो त्रिकोणच राहत नाही. ‘परफोर्स’मध्ये जुन्या फ्रेंचमधून आलेली सक्ती आहे : मन नव्हते, पण परिस्थितीने करायला लावले. ‘विली-निली’ हा बोलीतील शब्द ‘इच्छा असो वा नसो’ अशा जुन्या इंग्रजी प्रयोगाचा संक्षेप आहे. ‘इन्व्हेरिएबली’ म्हणजे प्रत्येक वेळी, अपवाद न होता. तेथे नियमितपणा आहे, सक्ती असेलच असे नाही. एखादा ग्राहक नेहमी शनिवारी येतो, म्हणून शनिवारी येणे त्याला अटळ झाले, असे होत नाही. ‘सर्टनली’ तर घटनेविषयी बोलतच नाही. ते बोलणाऱ्याच्या मनातील खात्रीविषयी बोलते.

मराठीची रीत

मराठीतील या अर्थाचे शब्दही असेच भिन्न वळणाचे आहेत. ‘अटळ’मध्ये ‘टळणे’ आहे. ‘अपरिहार्य’मध्ये परिहार आहे, म्हणजे दूर सारणे. ‘अनिवार्य’मध्ये निवारण आहे. येणारी गोष्ट थोपवता न येणे हा त्याचा मूळ अर्थ असला, तरी आजच्या सरकारी मराठीत ‘अनिवार्य’ म्हणजे नियमाने सक्तीचे. म्हणून परीक्षेतील विषय अनिवार्य असतो, मृत्यू अटळ असतो आणि खर्च अपरिहार्य असतो. यांची अदलाबदल केली तर वाक्य लंगडते. ‘गत्यंतर नाही’ यात दुसरी वाट नसल्याचे चित्र आहे. ‘नाइलाज’ आणि ‘लाचार’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्द मुळात उपाय नसल्याचेच सांगतात. परंतु मराठीत ‘नाइलाजाने’ म्हणणारा माणूस ताठ मानेने बोलू शकतो, तर ‘लाचारीने’ म्हणताना त्याची मान खाली गेलेली असते. उपायांचा अभाव तोच, पण प्रतिष्ठेचा हिशेब वेगळा.

येथे भाषांतर करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी भाषा अटळपणाचा भार क्रियाविशेषणावर टाकते. मराठी तो क्रियापदावर टाकते. ‘भाव अपरिहार्यपणे वाढतील’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण बाजारात असे कोणी बोलत नाही. ‘भाव वाढणारच’ असे बोलतात. ‘पाऊस लांबला तर भाव वाढल्यावाचून राहणार नाहीत’, ‘माल विकणे भाग पडले’, ‘हप्ता भरावाच लागतो’ या प्रत्येक वाक्यात अटळपणा आहे आणि क्रियाविशेषण कोठेही नाही. एक ‘च’ हे अव्यय इंग्रजीतील पाच अक्षरी शब्दाचे काम करते. शिवाय मराठी वाक्यरचना भेदही राखते. ‘वाढणारच’ ही बोलणाऱ्याची खात्री, ‘वाढल्यावाचून राहणार नाही’ हा कारणाचा परिणाम, ‘भाग पडले’ ही परिस्थितीची सक्ती आणि ‘लागतो’ हे कर्तव्य. मूळ इंग्रजी शब्दाने यांपैकी काय म्हणायचे आहे, हे ठरवल्याशिवाय चांगले भाषांतर होत नाही.

‘न चुकता’ हा प्रयोग तर विशेष मोलाचा आहे. ‘मरण चुकत नाही’ म्हणताना माणूस असहाय असतो. ‘तो न चुकता देणे फेडतो’ म्हणताना तोच माणूस स्वतःच्या निर्धाराने अटळ झालेला असतो. पेढीची पत या दुसऱ्या प्रकारच्या अटळपणावर उभी असते.

शब्दाची व्यवहारातील किंमत

व्यापारात या भेदांना पैशांत किंमत मोजावी लागते. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ५६ नुसार, करार झाल्यानंतर ठरलेले काम करणे अशक्य झाले, तर तो करार रद्दबातल होतो. प्रश्न असा की, अशक्य कशाला म्हणावे? भाव वाढले, वाहतूक महागली, नफ्याचा तोटा झाला, की व्यापारी ‘आता पुरवठा करणे अशक्य आहे’ असे लिहून मोकळा होतो. न्यायालयाची मोजपट्टी त्याहून कडक आहे. सैन्यासाठी तूप खरेदी करणाऱ्या एजंटांच्या प्रकरणात युद्धकाळात बदललेल्या परिस्थितीच्या आधारे जादा मोबदल्याची मागणी झाली होती. अनपेक्षित भाववाढीमुळे कराराचे बंधन सुटत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये त्या प्रकरणात घेतली. २०१७ मध्ये वीज कंपन्यांच्या प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. इंडोनेशियातील नियम बदलल्यामुळे तेथून येणारा कोळसा महागला होता. केवळ महागाईमुळे करार अशक्य झाला असे होत नाही, असेच न्यायालयाने सांगितले. तात्पर्य, ‘परवडत नाही’ आणि ‘टाळता येत नाही’ यांत कायदा फरक करतो. पत्रात पहिल्याऐवजी दुसरा शब्द वापरल्याने तो फरक मिटत नाही.

‘इनेक्झोरेबल’ म्हणजे काय, हे मुदतीच्या कायद्यावरून समजते. सर्वसाधारण उधारीच्या वसुलीसाठी १९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. मुदत उलटल्यावर दावा केला, तर प्रतिवादीने तो मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने दावा फेटाळला पाहिजे, असा नियम आहे. तेथे विनवणी चालत नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून देणे लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून नव्याने मुदत मिळते. एकच गोष्ट आदल्या दिवसापर्यंत टाळता येण्याजोगी असते आणि दुसऱ्या दिवसापासून अटळ होते.

बँकेतील कर्जखात्याचेही तसेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २००४ पासून नव्वद दिवसांहून अधिक काळ थकलेले मुदत कर्ज अनुत्पादक ठरते. व्याज रविवारी थांबत नाही, दिवाळीत थांबत नाही. नव्वद दिवस उलटल्यावर कर्जदाराची जुनी ओळख किंवा वडिलांची पुण्याई खात्याचे वर्गीकरण बदलू शकत नाही. पण साठाव्या दिवशी तो शाखेत जाऊन खरी परिस्थिती मांडू शकतो. बहुतेक आर्थिक अटळपणांना अशी एक तारीख असते. तिच्या अलीकडे उपाय असतात, पलीकडे खुलासे उरतात.

नियतीचा प्रश्न आणि एक कुंभार

अटळपणाचा प्रश्न भाषेपुरता किंवा कायद्यापुरता नाही. तो भगवान महावीरांच्या काळातच ऐरणीवर आला होता. मंखलिपुत्र गोशालकांचा आजीवक पंथ सर्व काही नियतीने ठरलेले आहे आणि पुरुषार्थाला स्थान नाही, असे मानत असे. श्वेतांबर आगमांपैकी ‘उवासगदसाओ’ या ग्रंथात पोलासपूरच्या सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे. तो आजीवकांचा अनुयायी होता आणि मोठा व्यापारीही होता. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, असे वर्णन येते.

त्याची मडकी वाळत घातलेली पाहून भगवंतांनी विचारले की, ही कशी तयार होतात? त्याने माती भिजवण्यापासून चाकापर्यंतची सारी कृती सांगितली. हे प्रयत्नाने होते की प्रयत्नावाचून, असे विचारल्यावर मात्र तो आपल्या मताला जागला आणि म्हणाला की प्रयत्नावाचून, कारण सर्व नियत आहे. मग भगवंतांनी विचारले : कोणी तुझी मडकी चोरली किंवा फोडली, तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? त्याला मी कठोर शिक्षा करीन, असे तो म्हणाला. सर्व काही नियत असेल तर कोणी चोरी करतच नाही, मग शिक्षा कोणाला? आणि शिक्षा योग्य असेल, तर सर्व नियत आहे हे म्हणणे खोटे. सद्दालपुत्ताला आपल्या विचारातील विसंगती कळली आणि तो श्रावक झाला.

हा युक्तिवाद आजही ताजा आहे. स्वतःचा हप्ता चुकला की ‘परिस्थितीच तशी होती’ आणि दुसऱ्याने आपले पैसे थकवले की ‘नियतच वाईट’, असे म्हणणारा माणूस सद्दालपुत्ताच्याच जागी उभा असतो. विसाव्या शतकात इंग्लंडमधील विचारवंत आयझाया बर्लिन यांनी १९५३ च्या एका व्याख्यानात ऐतिहासिक अटळतेच्या सिद्धांतावर असाच आक्षेप घेतला होता. सर्व घटना अटळ मानल्या, तर कोणाची स्तुती किंवा निंदा करण्याला अर्थ उरत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा एक मुख्य धागा होता.

जैन दर्शन नियतीला साफ नाकारत नाही. आचार्य सिद्धसेनांनी ‘सन्मतितर्क’ ग्रंथात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ ही कारणे सांगून त्यांपैकी एकालाच धरून बसणे मिथ्या ठरवले आणि सर्वांचा समवाय सम्यक् मानला. व्यापाऱ्याला ही मांडणी जवळची वाटावी अशी आहे. हंगाम हा काल, मालाचा नाशवंतपणा हा स्वभाव, आधी घेतलेली कर्जे हे पूर्वकृत आणि आजची दक्षता हा पुरुषार्थ. तोट्याच्या वर्षाचा ताळेबंद करताना सगळी रक्कम नियतीच्या खात्यावर टाकणे हा हिशेबाचा दोष होय.

याच विवेकाची सर्वांत गंभीर कसोटी सल्लेखनेच्या विचारात दिसते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य आणि रोग ही निमित्ते सांगताना ‘प्रतीकार उरलेला नसणे’ ही अट घातली आहे. उपाय शिल्लक असताना अटळपणाचा आधार घेता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. मृत्यूसारख्या विषयातही शास्त्रकारांनी हा शब्द सैल सोडलेला नाही.

‘आवश्यक’ या शब्दाचा दुसरा अर्थ

शेवटी एका रोजच्या शब्दाकडे वळले पाहिजे. ‘अवश्य’ आणि ‘आवश्यक’ हे शब्द व्यवहारात ‘नेसेसरिली’ची जागा घेतात. टाळून चालणार नाही, ते आवश्यक. सामायिक, स्तवन, वंदना, प्रतिक्रमण, प्रत्याख्यान आणि कायोत्सर्ग या सहा क्रियांना षडावश्यक म्हणतात, ते रोज केल्याच पाहिजेत म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. परंतु आचार्य कुंदकुंदांनी ‘नियमसार’ ग्रंथात या शब्दाची फोड वेगळी केली आहे. जो इतर कशाच्याही वश नाही तो ‘अवश’, आणि त्या अवशाचे कर्म ते ‘आवश्यक’.

या व्युत्पत्तीने साऱ्या प्रश्नाची दिशाच बदलते. इंग्रजीतील सर्व भावंडे बाहेरून येणाऱ्या सक्तीची भाषा बोलतात. चुकवता येत नाही, निसटता येत नाही, झुंजता येत नाही, विनवता येत नाही. ‘आवश्यक’ हा शब्द मात्र आतून आलेल्या निश्चयाची भाषा बोलतो. राग, लोभ, भय यांच्या ताब्यात नसलेला माणूस जे करतो, ते आवश्यक. दिवाळखोरीच्या भीतीने फेडलेले कर्ज आणि शब्द दिला म्हणून फेडलेले कर्ज खातेवहीत एकाच रकमेने दिसते. पण पहिले ‘परफोर्स’ आहे आणि दुसरे ‘आवश्यक’ आहे.

आज अनेक व्यापारी कुटुंबांत काही वाक्ये वारंवार ऐकू येतात. ‘भाऊभाऊ वेगळे होणे अटळ आहे’, ‘मुले शिकली की दुकान बंद होणारच’, ‘मोठ्या मॉलपुढे किराणा टिकणे शक्यच नाही’. यांतील एखादे वाक्य खरे असू शकेल. तथापि, ते उच्चारण्यापूर्वी समभिरूढ नयाची कसोटी लावावी. ही घटना खरोखर बाजूला होण्यास जागा न ठेवणारी आहे, की फक्त परवडत नाही? झुंज देऊन झाली आहे, की दिलीच नाही? उपायाची तारीख उलटली आहे, की अजून पुढे आहे? मुलांशी आणि भावाशी मोकळेपणाने एकदा तरी बोलणे झाले आहे का? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिल्यावर जे उरेल, तेवढ्यालाच ‘अटळ’ म्हणावे. बाकीच्या गोष्टींसाठी मराठीत ‘अवघड’ हा साधा शब्द आहे, आणि अवघड गोष्टी मेहनतीने करता येतात.